विहिरीतलं पोहणं

मोर्शीची गाडी अजून लागायची होती. अमरावतीच्या बसस्थानकावर जानराव खांबाला टेकून उभे होते, तेवढ्यात कुणीतरी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आधी त्यांना वाटलं, कुणी बॅगेला हात घातला. बॅगेत विहिरी मोजायची टेप होती, सरकारी, म्हणून त्यांनी पहिल्यांदा बॅग आवळली आणि मग खाली पाहिलं. दाढी वाढलेला, गालफडं बसलेला एक पोरगा सरळ होत होता. "काका, मी सुगत," तो म्हणाला. सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांत पोरगा दहा वर्षांनी जून झाला होता, पण डोळे तेच होते, कुणी रागावायच्या आधीच ओशाळणारे. "बरा आहेस ना बाबू?" जानरावांच्या तोंडून निघून गेलं.  पाठ करून आल्यासारखा सुगत एका दमात बोलला, "काका, मले माफ करा. मीच म्हनलो होतो निताले, जा बे पान्यात म्हून. मी म्हनलो नसतो तर तो गेला नसता. तुमच्यापुढं यायची हिंमतच होऊन नोती राहिली." फलाटावर मोर्शीची गाडी मागे घेत होते. कंडक्टर डबडब पत्रा वाजवत होता. "गाडी लागली," जानराव म्हणाले, आणि खरोखरच जाऊन गाडीत बसले. खिडकीतून त्यांनी मागे पाहिलं नाही.

सुगत म्हणाला तसं काही घडलंच नव्हतं. नितेशला पाण्यात जा असं सुगत म्हणाला नव्हता. जानराव म्हणाले होते. नितेश त्यांचा एकुलता एक मुलगा. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, असं धरून जानराव तीन वर्षं जगत आले होते. एक ते आणि दुसरा नितेशचा मित्र सुगत. सुगत कधीतरी तोंड उघडेल या भीतीनं ते कित्येकदा जेवता जेवता थांबले होते. आणि आता तो पोरगा भर स्टँडवर तोंड उघडून गेला होता, आणि त्यातून बाहेर पडलं ते हे. लोकांनी त्याला इतक्या वेळा सांगितलं की त्यालाही तसंच आठवायला लागलं. म्हणजे आता ती गोष्ट ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ आता कायमची झाकली गेली होती. जानरावांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी गाडी नांदगाव पेठच्या पुढे गेली तरी त्यांचे पाय बुटांत गार पडलेले होते.

जानराव भूजल खात्यात होते. ठरलेल्या गावांच्या ठरलेल्या विहिरींवर वर्षातून चार वेळा जायचं, कठड्यावरच्या लाल खुणेपासून टेप खाली सोडायची, पाण्याला लागली की आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल ते कळतं. अठ्ठावीस वर्षं हेच. आज पहिल्याच विहिरीवर त्यांनी टेप सोडली, आकडा लिहिला आणि पुढच्या गावाच्या वाटेला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की कठडा वजा करायचा राहिला. ते परत फिरले. ऑक्टोबर होता, विहीर भरलेली होती, पाण्यावर संत्र्याची दोन पानं होती. अशाच विहिरीत जानराव पोहायला शिकले होते. अशाच विहिरीत त्यांनी नितेशला शिकवलं होतं. वऱ्हाडात पोहणं शिकवायची रीत म्हणजे पाठीला रिकामी कॅन बांधायची, कमरेला दोर, आणि चार-आठ दिवस पोरगं हातपाय मारतंसं दिसलं की एक दिवस न सांगता कॅन सोडायची, दोर सोडायचा आणि पाठीवर पंजा ठेवून ढकलून द्यायचं. सांगितलं तर पोरगं भिऊन जातं, म्हणून सांगायचं नाही. जानरावांना त्यांच्या बापानं असंच ढकललं होतं, बापाला आज्यानं. नाकातोंडात पाणी जातं, डोळ्यांपुढे काळोख येतो, मग हात कुठल्या तरी दगडाला लागतो. विहिरीत हात दगडाला लागतोच. कुठल्याही बाजूला जा, सहा हातांवर भिंत असते. पाणी जागचं हलत नाही आणि जिथं बुडालात तिथंच वर येता. नितेश वर आला तेव्हा ठसकत होता आणि हसत होता. आठ वर्षांचं पोरगं ते. त्या दिवशी जानरावांनी सगळ्या गावाला सांगितलं होतं, आपला पोट्टा पट्टीचा पोहणारा होणार.

तीन वर्षांपूर्वी पाँडिचेरीला जायची टूम नितेशनंच काढली होती. तो अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होता आणि जुन्या शहरात, त्याच्याच वर्गातल्या सुगतच्या घरी, खोली घेऊन राहत होता. खोली म्हणायची इतकंच. दोन वर्षांत तो त्या घरातलाच झाला होता असं म्हटलं तरी चालेल. सुगतची आई इंदूबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या, नवरा लवकर गेलेला, आणि त्या दोन्ही पोरांना एका ताटात वाढायच्या. "गोव्याले तर सारेच जातेत बाबा," नितेश म्हणाला होता आणि त्यानं मोबाइलमध्ये पिवळ्या भिंतींच्या गल्ल्या दाखवल्या होत्या. सुगतलाही न्यायचं ठरलं. "याले बी घेऊ, बिचाऱ्यानं समुद्र नाई पायला," असं जानरावच म्हणाले होते. समुद्र त्यांनी स्वतः तरी कुठं पाहिला होता. बडनेऱ्याला चेन्नईची गाडी धरली, डब्यात ठेचा आणि दशम्या होत्या, सुभद्रा बल्लारशापर्यंत हसत होती. नवरा तीस वर्षांत तिला शेगावच्या पुढे कुठं घेऊन गेला नव्हता.

ते गाव जानरावांना पहिल्या तासातच आवडलं नाही, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. फार स्वच्छ होतं. फ्रेंच लोकांनी आखलेले सरळसोट रस्ते, पिवळे वाडे, पांढऱ्या चौकटी, भिंतीवर चढलेली कागदी फुलं. पाट्यांवर रस्त्यांची नावं अशा लिपीत की अक्षर वाचता यावं आणि नाव उच्चारता येऊ नये. लाल टोपी घातलेले पोलिस. नाताळ जवळ आला होता, चर्चवर चांदण्या टांगल्या होत्या आणि दर तासाला घंटा वाजायची. जगभरातून आलेली माणसं तिथं हळू चालत होती, हळू बोलत होती, जणू सगळ्यांनी ते गाव आधी पाहिलेलं होतं. आपण मात्र वाकडे दिसतो, असं जानरावांना वाटत राहिलं. उपाहारगृहात त्यांनी पोऱ्याला हाक मारली तर शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवून पाहिलं. सुभद्रा आपली साडी घोट्याच्या वर धरून चालत होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "हे लोक राहतेत का खरंच अशा घरात?" नितेशला तिथलं सगळं येत होतं. तो कॉफी मागवत होता, इंग्रजी बोलत होता, बापाला हळूच सांगत होता, "बाबा, आवाज कमी करा ना." दोन दिवस हे ऐकून घेतलं जानरावांनी. आवाज कमी केला. पण त्या गावात बापाला येणारी एकही गोष्ट नव्हती, ही सल त्यांच्या मनात बसली. ज्याला पंचवीस वर्षं चार तालुक्यांतल्या विहिरी ओळखत होत्या, त्याला तिथं चहा मागता येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ते गावाबाहेरच्या वाळूवर गेले. सुभद्रा लांब झावळ्यांच्या सावलीत कणीस खात बसली. पाण्याजवळ तिघंच होते. समुद्र करडा होता आणि एकसारखा आवाज करत होता. पायाखालची वाळू सरकते असं जन्मभर ऐकलं होतं. तिथं ती खरंच सरकत होती, दर लाट मागे जाताना टाचेखालून काढून नेत होती. जानरावांना मात्र आनंद झाला. पाणी होतं ना हे. पाण्याचं काही सांगायचं तर त्यांनीच सांगायचं. नितेश गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला होता. थोड्या अंतरावर लाल पाटी होती, तीन भाषांत काहीतरी लिहिलेली. सुगत मागे सगळ्यांच्या चपला आणि नितेशचा शर्ट धरून उभा होता. त्याला पोहता येत नव्हतं. "निता, नको बे," तो म्हणाला होता, "ते पाटी पाय ना." अगदी एवढंच म्हणाला होता. आणि नितेश म्हणाला, "हो ना बाबा, लाटा मोठ्या हायत." आणि जानराव हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले. "चाळीस हात विहिरीत सूर मारनारा पोट्टा तू, अन् गुडघ्याएवढ्या पान्याले भिऊन राहिला? इथं काई आवाज कमी करायले सांगत नाई कोनी. जा." आणि त्यांनी नितेशच्या उघड्या पाठीवर पंजा ठेवला आणि ढकललं. जोरानं नाही. विहिरीच्या काठावर ढकलतात तेवढंच.

नितेश चांगला पोहत होता. हे जानरावांना पुन्हा पुन्हा आठवतं आणि याच्याइतकं वाईट काहीच नाही. पहिली लाट त्यानं सहज पार केली, वळून हात केला. मग तो काठाकडे यायला निघाला आणि काठ जवळ येईना. विहिरीत पोहणाऱ्याला एकच माहीत असतं, सर्वांत जवळची भिंत धरायची, सरळ जायचं, हात मारत राहायचं. तो सरळ हात मारत राहिला आणि पाणी त्याला मागे नेत राहिलं. जरा आडवा गेला असता तर ओढीतून सुटला असता, असं नंतर एका कोळ्यानं हातवारे करून दाखवलं. पण आडवं जायला त्याला शिकवलं होतं कुणी. तो दमला, हे जानरावांना काठावरून दिसलं. कोपर वर येईनासं झालं की माणूस दमला, हे त्यांनी किती पोरांना सांगितलं होतं. ते धावत कमरेएवढ्या पाण्यात गेले, लाटेनं त्यांना पालथं करून वाळूवर आणून टाकलं, आणि मग ते उठलेच नाहीत. पळाला तो सुगत. चपला टाकून, शर्ट मात्र हातात तसाच, जाळी विणत बसलेल्या कोळ्यांकडे अर्धा मैल. भाषा येत नव्हती, म्हणून त्यानं एकाचा हात धरून ओढत आणलं. होडी गेली तेव्हा पाण्यावर कुणी नव्हतं.

नितेश दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. त्याला तिथंच अग्नी दिला, राख मडक्यात घेऊन परत आले आणि कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडली. त्या समुद्रात नको, एवढंच सुभद्रा म्हणाली होती. पण जानरावांच्या मनात रुतून बसलेला दिवस तो नाही, त्याच्या आधीचा, पोलिस चौकीतला. पिवळ्या भिंतीची, उंच छताची चौकी, वर संथ फिरणारा पंखा. लाल टोपीतला हवालदार मोडक्या हिंदीत विचारत होता, पाटी पाहिली नाही का. आणि सुभद्रानं मधेच विचारलं, "कोनं पाठवलं त्याले पान्यात? माहं लेकरू आपल्या मनानं जानारं नाई. कोनं पाठवलं?"  जानरावांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. त्यांनी फक्त मान वळवली आणि सुगतकडे पाहिलं. खोटं त्यांनी सांगितलं नाही. एक अक्षरही नाही. पाहिलं फक्त. सुगत हातात नितेशचा शर्ट घेऊन उभा होता. सुभद्रानं नवऱ्याच्या नजरेच्या मागोमाग पाहिलं आणि मग तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरची माणसं आत आली. ती त्या पोराच्या अंगावर धावून गेली. सुगत मारही चुकवत नव्हता. त्यानं एकदाच जानरावांकडे पाहिलं, आता काका बोलतील म्हणून. काका हवालदाराला गावाचा पत्ता सांगत होते.

पुढचं सगळं आपोआप झालं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तेराव्याला इंदूबाई अकोल्याहून आल्या, सुभद्रानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. नातेवाइकांत दबक्या आवाजात बोलणं झालं, अशा लोकांत पोरगं ठेवलंच कशाला. आणि अशा लोकांत म्हणजे काय ते कुणी फोडून सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. जानरावांनाही कळलं. त्या बाईनं नितेशला दोन वर्षं आपल्या हातानं जेवू घातलं, असं तेव्हा ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. सुगतनं विद्यापीठ सोडलं, असं पुढे कानावर आलं. कुठल्या तरी दुकानात लागला, ते सोडलं, मग घरातच बसतो म्हणे. जानराव दर वेळी ऐकत आणि अंघोळीला जात.

रविवारी ऑफिसचं काम सांगून जानराव अकोल्याला गेले. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात गल्ली अजून तशीच होती, नाल्यावर फरशी टाकलेली. सारी वाट त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली होती. सांगायचं आणि निघायचं. सुगतला सांगायचं, इंदूबाईंसमोर सांगायचं, आणि घरी जाऊन सुभद्राला सांगायचं. त्यानंतर सुभद्रा त्यांच्याबरोबर एका छताखाली राहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्याजवळ आता एक नवरा आणि एक राग एवढंच उरलं होतं, आणि दोन्ही एकदमच काढून घ्यायचे होते. दार इंदूबाईंनी उघडलं. केस पिकलेले. त्यांनी या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही, बाजूला झाल्या. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली नितेशचा फोटो होता, विद्यापीठातल्या मेळाव्यातला, दोन्ही पोरांचा, एकमेकांच्या गळ्यात हात टाकलेले.

"सुगत," जानराव म्हणाले. सुगत खाटेवरून उठून उभा राहिला. "तू नाई म्हनलास. तू नको म्हनला होतास. पाटी दाखवली होतीस तू. मी म्हनलो त्याले जा म्हून. मी ढकललं, माह्या हातानं." बोलून झालं. इतकं थोडं होतं ते. तीन वर्षं छातीवर बसलेली गोष्ट दहा सेकंदांत संपली, याचं जानरावांनाच नवल वाटलं.  सुगतचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "काका, तुमी मोठे हा. पन असं नका करू. मले आठवते ना. मी म्हनलो होतो, जा बे, भितो काय. मले माहा आवाज आयकू येते. रोज आयकू येते." जानराव म्हणाले, "नाई रे बाबू, मी सांगून राहिलो ना." "तुमी माह्यासाठी सांगून राहिले," सुगत म्हणाला, "स्टँडवर भेटलो, माही हालत पायली, म्हून. मले समजते. काका, तुमी एवढ्या दूर आले, तर एक करा. काकूले फोन लावून द्या. त्याइनं एक डाव माफ केलं म्हनलं, तर मी सुटतो."

इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या जानरावांकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत नवल नव्हतं. "त्या दिवशी फोनवर त्यानं मले सांगतलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या, "आई, मी नको म्हनलो होतो. चार-सहा महिने सांगत राहिला. मंग सांगनं बंद झालं. मंग उलटं सांगाले लागला." त्यांनी पदराला हात पुसले. "लावा फोन, भाऊ. तुमी जे आत्ता बोलले, ते बाईले सांगा. माह्या पोरासमोर. तिनं आयकलं तर हा बी मानीन." हे बरोबर होतं. यापेक्षा बरोबर काही असूच शकत नव्हतं, आणि जानरावांना ते कळत होतं. त्यांनी नंबर लावला. सुभद्रानं उचलला. मागे कुकरची शिटी झाली. "काहून जी? जेवले का?" ती म्हणाली. हा आवाज. उद्यापासून हा आवाज असं विचारणार नाही. जानरावांनी तोंड उघडलं. सुगत दोन्ही हात जोडून उभा होता. "सुभद्रा," ते म्हणाले, "मी अकोल्याले आलो. सुगतच्या घरी. पोरगं रडून राहिलं. लहान होतं तवा, चुकलं त्याचं. जाऊ दे आता. माफ कर त्याले."

पलीकडे कुकरची आणखी एक शिटी झाली. मग सुभद्रा म्हणाली, "द्या त्याच्याकडं." सुगतनं फोन कानाला धरला. ती काय बोलली ते जानरावांना ऐकू आलं नाही, थोडंच बोलली. सुगत हो काकू, हो काकू म्हणत खाली जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, आणि रडता रडता त्याचे खांदे सैल पडत गेले. इंदूबाईंनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. जानरावांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. "पाचची गाडी भेटन तुमाले," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "चहा ठेवला नाई मी."

सुगत त्यांना सोडायला स्टँडपर्यंत आला. नको म्हटलं तरी बॅग त्यानं खांद्यावर घेतली. खिडकीजवळची जागा धरून दिली. विद्यापीठात राहिलेली दोन वर्षं आता पुरी करायचा विचार आहे म्हणाला, काकूंना भेटायला दिवाळीत येऊ का, असं विचारलं. ये, जानराव म्हणाले. पोरगा हसला. गाडी सुटली तेव्हा तो फलाटावर उभा राहून हात हलवत होता, आणि त्याला इतका हलका झालेला पाहून जानरावांना वाटलं, हे झालं ते काही वाईट झालं नाही. सुभद्राचाही फोन आला. बरं केलं तुमी गेले, ती म्हणाली, मनातलं जड काई निघून गेल्यासारखं वाटते, अन् तुमचं मन मोठं हाय जी, माह्यानं नसतं झालं. मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. जानराव खाली उतरले. गाड्यावर आलुबोंडे तळत होते. स्वतःची किळस येईल म्हणून ते जरा वेळ तसेच उभे राहिले. आली नाही. भूक लागली होती, तीन वर्षांत लागली नव्हती अशी. त्यांनी चार आलुबोंडे घेतले, तळलेल्या मिरच्या मागून घेतल्या, आणि उभ्या उभ्याच सगळे खाल्ले.